निळ्या पाइपवाले निकमकाका

मी चाळीस माणसांना मोबाइल टॉवरचा दिवा मंगळ म्हणून दाखवला. तोही माईकवरून.

रांगेत एक डॉक्टर होते, दोन शिक्षिका होत्या, आणि एक गृहस्थ तर असे होते की त्यांना मंगळाच्या ध्रुवावरचा बर्फसुद्धा दिसला. तो त्यांना कुठे दिसला हे मला आजतागायत कळलेलं नाही. टॉवर म्हसरूळच्या बाजूला होता आणि तिकडे बर्फ असलाच तर गोळेवाल्याकडे असतो, तोही उन्हाळ्यात. हे जानेवारीत घडलं.

दुर्बीण माझी नव्हती, निकमकाकांची होती. ही हकिगतही त्यांचीच आहे. मी तिच्यात मधूनमधून येईन तो घाण करण्यापुरता.

निकमकाका सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. उंची बेताची, मनगटं जाड, आणि उजव्या हाताचा अंगठा आयुष्यभर कशावर तरी घासल्यासारखा चपटा. मूळ गाव देवळ्याच्या पुढे. चाळीस वर्षं नाशकात राहून बोलणं बरंचसं शहरी झालं होतं, पण दुर्बिणीपाशी उभे राहिले की जीभ परत गावाला जायची. कोणी डोळा लावला की ते विचारायचे, "काय दिसस?" म्हणजे काय दिसतंय. डॉक्टर असो, रिक्षावाला असो, प्रश्न हाच.

रिटायर झाल्यावर त्यांनी दुर्बिणीचा आरसा स्वतः घासला. काचेच्या एका तबकडीवर दुसरी ठेवायची, मध्ये पावडर आणि पाणी, आणि भोवती गोल गोल फिरत घासत राहायचं. असं अकरा महिने. फिरायला मिळावं म्हणून भिंतीपासून सुटी असलेली एकच वस्तू घरात होती, ती म्हणजे काकूंची गव्हाची कोठी; काच तिच्यावर ठेवली. काकू सांगायच्या, "लग्नात सात फेरे घेतले माझ्याबरोबर, आणि कोठीबरोबर सात लाख." आरशाला नळी हवी होती तर त्यांनी बोअरवेलच्या केसिंगचा निळा पाइप आणला. पाइपाच्या तोंडावर झाकण म्हणून काकूंच्या चकलीच्या डब्याचं झाकण, सुतळीने बांधलेलं, आणि त्याच्याजवळच बाजूला डोळा लावायचं भोक. खाली लाकडी खोका, त्यावर पाइप हाताने ढकलून हवा तिकडे वळवायचा. मोटर वगैरे काही नाही. गंगापूर रोडला मैदानाच्या कोपऱ्यावर हा निळा पाइप उभा राहिला की येणारा-जाणारा हमखास विचारायचा, "काका, इथे पाणी लागेल का?" काका शांतपणे म्हणायचे, "वरून लागतं का बघतोय."

त्यांनी माणसं जमवायला संकष्टी निवडली. कोपऱ्यावर गणपतीचं छोटं मंदिर आहे. काकांचं गणित सोपं होतं, मला म्हणायचे, "भामरे, आभाळाकडे बघा म्हणून लोकांना सांगावं लागतं. संकष्टीला सांगावं लागत नाय. अर्धं नाशिक उपाशीपोटी चंद्र शोधत असतं. आपण फक्त पाइप आडवा धरायचा." एकदा एका बाईंनी विचारलं, "दुर्बिणीतून दर्शन घेतलं तर चालतं का हो उपासाला?" काका म्हणाले, "चष्म्यातून चालतं ना? मग हा जरा लांबडा चष्मा."

माझी त्यांची ओळख त्याच रांगेत झाली. मी पाटबंधारे खात्यात कारकून, आणि फावल्या वेळात लग्नं, सत्कार, सोसायटीची स्नेहसंमेलनं यांचा सूत्रसंचालक. माझ्या हातात माईक दिला की मला स्वतःचा आवाज इतका आवडतो की शुद्ध राहत नाही. त्या दिवशी माझा उपास होता. डोळा लावला.

"काय दिसस?"

"चंद्र," मी म्हणालो.

"ते मलाबी माहीत आहे. काय दिसस?"

"सुंदर! अप्रतिम! शब्द अपुरे…"

"सुंदर लिहायला माझ्याकडे वही नाय. परत बघा."

वही खरोखरच होती. शाळेची दोनशे पानी, टॉर्चला लाल जिलेटिन बांधून त्या उजेडात ते लिहायचे. मी परत पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिल्यावर पोटातून आवाज आला आणि मी बोलून गेलो, "उपासाचं थालीपीठ. तव्यावर, बोटांनी भोकं पाडलेलं."

काकांनी ते लिहून घेतलं. "आता बघितलं तुम्ही," म्हणाले. "भूक पण लागलीये तुम्हाला, जावा जेवायला."

त्या वहीत ग्रहाचं नाव आधी कधीच लिहिलेलं नसे. काकांचा नियमच होता, आधी डोळा, मग नाव. बघणाऱ्याने काय दिसलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, काकांनी ते लिहायचं, आणि मगच सांगायचं की बाबा, हा शनी. मी ती वही नंतर पुष्कळदा चाळली. शनीच्या पानावर होतं: "बांगडीत अडकलेला वाटाणा." "कान असलेलं लिंबू." आणि नुसतंच: "एवढासा."

या 'एवढासा'चा मालक मला माहीत आहे. एका गृहस्थांना साडेसाती होती. ते रांगेत उभे राहिले, पुढे कोणीतरी शनी म्हटलं तसे रांग सोडून निघाले. काकांनी त्यांना हाक मारली. "ओ भाऊ, तो रोज तुमच्याकडे बघतो असं तुम्हीच म्हणता ना? मग एकदा तुम्ही पण बघा. काय असेल ते समोरासमोर होऊ द्या." गृहस्थांनी देवाचं नाव घेऊन डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग सरळ उभे राहिले आणि फसवणूक झाल्यासारखे म्हणाले, "एवढासा?"

दुसरा नियम दिव्यांचा. दुर्बिणीला अंधार लागतो आणि गंगापूर रोडला अंधार मागायचा म्हणजे दुकानदारांना पाट्या विझवायला सांगायचं. काका सात वाजता प्रत्येक दुकानात जायचे, दहा मिनिटं पाटी बंद ठेवता का म्हणून विचारायचे. आणि ज्याने दिवा विझवला त्याला रांग नाही, त्याचा पहिला नंबर. मेडिकलवाला, झेरॉक्सवाला, रसवंतीवाला, सगळ्यांनी पहिल्या नंबराने चंद्र पाहिलेला होता.

फक्त हौसाबाई राहिल्या होत्या.

हौसाबाई गिरणाऱ्याहून भाजी घेऊन येत. मैदानाच्या कठड्याला टेकून पोतं अंथरायच्या. मेथी, कोथिंबीर, शेपू, आणि पुढ्यात बॅटरीचा पांढरा दिवा. काकांनी त्यांना दिवा विझवायला कधी सांगितलंच नव्हतं. बाईंचा धंदा ऐन त्याच वेळेचा, सांगणार कसं? पण रांग लागली की हौसाबाई आपणहून खाली वाकायच्या आणि दिवा बंद करायच्या. अंधारात हाताने चाचपून जुड्या द्यायच्या. दोन वर्षं, दर महिन्याला. काका दर वेळी जाऊन म्हणायचे, "हौसाबाई, तुमचा पहिला नंबर. एकदा डोळा लावा." त्या हसून म्हणायच्या, "आमाला काय कळतंय त्यातलं. शिकल्यासवरल्याचं काम हाय ते."

काकांना हे फार लागायचं. मला म्हणायचे, "भामरे, आपण दोन वर्षं त्या बाईच्या अंधारात बघतोय, आणि ती बघत नाय. बाकी हजार माणसं आली काय नि गेली काय."

आता जानेवारीकडे येतो. टाळून झालं तेवढं झालं.

मंगळ तेव्हा जवळ आला होता, पेपरात रोज बातम्या. काकांनी शनिवारची संध्याकाळ ठरवली आणि नेमकं त्यांना भाच्याच्या साखरपुड्याला देवळ्याला जावं लागलं. मी म्हणालो, "काका, मी आहे ना." दोन वर्षांत मी दुर्बिणीचा खोका उचलण्यापलीकडे काही शिकलो नव्हतो, पण मी आहे ना. जाताना त्यांनी तीन वेळा बजावलं, "नाव आधी सांगायचं नाय. वही लिहायची. आणि हौसाबाईला विचारायचं."

मी सोसायटीचा स्पीकर आणला. माईक आणला. सात वाजता ईशान्येला इमारतींच्या वर एक लाल ठिपका स्थिर दिसला, मी पाइप तिकडे वळवला. आधी नुसताच बारीक ठिपका. फोकसचं चाक थोडं फिरवलं तर ठिपक्याची छान लाल तबकडी झाली, मध्ये काळा डाग. तो डाग म्हणजे दुर्बिणीतल्या छोट्या आरशाची सावली, फोकस बिघडला की दिसते. मी माईकवर जाहीर केलं, "मंगळावरचा महाकाय ज्वालामुखी आपण आज आपल्या डोळ्यांनी पाहणार आहोत!"

सगळ्यांनी पाहिला. चाळीस जण. "बापरे, किती लाल!" "ज्वालामुखी स्पष्ट आहे हो!" आणि ते बर्फवाले. मी वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं 'मंगळ', आणि खाली चाळीस वेळा तेच म्हणून दोन-दोन टिंबं दिली.

मध्येच हौसाबाई आल्या. दिवा बंद करून, पदराला हात पुसत. काका नाहीत म्हणून आल्या असतील, की काकांनी जाताना शब्द घेतला होता, कोण जाणे. मी माईकवर त्यांचं जोरदार स्वागत केलं. त्यांनी डोळा लावला, काढला, एकदा पाइपाच्या रेषेत समोर नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, परत लावला.

"हा तं दिवा हाय," त्या म्हणाल्या.

माणसाने इथे थांबावं. मी माईक तोंडाशी नेला. "आजी म्हणतात दिवा! आजी, मंगळावर अजून लाइट पोचली नाही, तिथेही लोडशेडिंगच आहे! पुढचे या!"

रांग खळखळून हसली. माझा विनोद असा क्वचित लागतो. हौसाबाई वळल्या. पोत्यापाशी गेल्या आणि दिवा लावला. त्या दिव्याचा उजेड उरलेला वेळ सगळ्यांच्या डोळ्यांत येत होता आणि मी माईकवर दोनदा म्हणालो, "मावशी, सहकार्य करा."

दुसऱ्या दिवशी काका परतले, मी घरी जाऊन विजयवार्ता दिली. काकू मटार सोलत होत्या, काका त्यांना मदत करत होते. मी म्हणालो, "आणि काका, दुर्बीण काय सेट झाली होती! एरवी तुम्हाला दर मिनिटाला पाइप ढकलावा लागतो. काल पाऊण तास मंगळ जागचा हलला नाही!"

काकांचा हात शेंगेवर थांबला.

"पाऊण तास हलला नाय?"

"अजिबात नाही!"

काकूंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पृथ्वी फिरते, त्यामुळे आभाळातली प्रत्येक वस्तू दुर्बिणीतून सरकत जाते, म्हणून तर पाइप ढकलायचा. हे मी स्वतः रांगेतल्या लोकांना शंभरदा सांगितलेलं आहे. काकांनी उरलेले मटार सोलून संपवले. संध्याकाळी मला मैदानात घेऊन गेले, पाइप त्याच जागी लावला, फोकस नीट केला आणि बाजूला झाले.

"काय दिसस?"

लाल दिवा. त्याच्या खाली लोखंडी शिडी. शिडीला अडकलेला संक्रांतीचा पतंग, शेपटीसकट.

मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी फक्त एक गोष्ट विचारली. "चाळीस माणसांत कोणी वेगळं बोललं का? एखादं तरी?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? टॉवर दाखवला हे एक वेळ हसण्यावारी नेता येत होतं. ज्या बाईसाठी हा माणूस दोन वर्षं थांबला, ती आली, तिला एकटीला खरं दिसलं, आणि मी तिला माईकवरून घालवलं, हे कसं नेणार?

"एकबी नाय?" काका पाइपावर हात ठेवून उभे राहिले. "मग एवढी वर्षं आपण काय केलं, भामरे? मी तर म्हणत होतो लोकांना बघायला शिकवतोय."

पुढच्या संकष्टीला त्यांनी पाइप आणला. हौसाबाईंचा दिवा चालू होता. काका वाट बघत राहिले, मग जवळ गेले. मी दहा पावलांवर होतो, ऐकू येत होतं. हौसाबाई म्हणाल्या, "धंद्याच्या टायमाला दिवा लागतो, काका." काका म्हणाले, "बरोबर आहे. दोन वर्षं मी तुमचा दिवा गृहीत धरला. माझं चुकलं." आणि परत येऊन त्यांनी झाकण लावलं, खोका उचलला आणि घरी गेले. चंद्र अजून उगवायचा होता. पुढच्या महिन्यात ते आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मंदिरापाशी लोक मोबाइलमध्ये चंद्रोदयाची वेळ बघून घरी जाऊन जेवू लागले.

मी तिकडून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचो. पण एकदा घरी कोथिंबीर हवी होती आणि सापडलो.

"काय माइकवाले," हौसाबाई म्हणाल्या, "काका का येत नाय?"

"तब्येत…" मी म्हणालो. मग विचारलं, "तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत? त्या दिवसाचं?"

"कशाला? त्यांचा काय दोष? म्हातारा लय मनाला लावून घेईल." त्यांनी जुडी माझ्या पिशवीत टाकली. "तू सांगितलंस का?"

म्हणजे ती गप्प राहिली होती काकांसाठी, आणि मी माझ्यासाठी. जुडी घेऊन मी घरी जायच्या ऐवजी काकांकडे गेलो. काकूंना वाटलं कोथिंबीर त्यांच्यासाठीच आणलीय, घेऊन आत गेल्या.

मी सगळं सांगितलं. लोडशेडिंगचा विनोदही सांगितला, कारण तो वगळला तर सांगितल्यासारखं झालं नसतं. काका ऐकत होते. मग उठले, फळीवरून वही काढली, जानेवारीचं पान उघडलं. वर माझा 'मंगळ', खाली टिंबांची लांबच लांब रांग. त्या रांगेखाली त्यांनी सावकाश लिहिलं: "दिवा." पुढे कंसात: "हौसाबाई."

"एक होती," ते काकूंना म्हणाले. "ऐकलं का? एक होती."

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला तिथे बसवेना. रागावले असते तर बरं झालं असतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भामरे साहेब, तीन महिने मी चाळीसच्या चाळीस आंधळे धरून बसलो होतो." 'साहेब' त्यांनी मला आधी कधी म्हटलं नव्हतं. "चला. खोका तुम्ही घ्या."

त्या दिवशी चवथीची का पंचमीची कोर होती, संध्याकाळी सातलाच पश्चिमेला दिसत होती. काका सरळ पोत्यापाशी गेले.

"हौसाबाई, तुमचा पहिला नंबर राहिलाय. आणि त्या दिवशी तुम्ही बरोबर होता. तो दिवाच होता."

"मला काय सांगता? मला म्हाईत हाय दिवा होता," त्या म्हणाल्या. "त्याला सांगा."

मी पुढे झालो. रस्ताभर मी वाक्य तयार केलं होतं. "हौसाबाई, त्या दिवशीच्या अनवधानाने घडलेल्या प्रकाराबद्दल मी मनःपूर्वक…"

"माइक नसला तं याला सरळ बोलता येत नाय का?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तुम्हाला हसायला नको होतं."

"हां." त्यांनी खाली वाकून दिवा बंद केला.

डोळा लावून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. कोर सरकत गेली तसा काकांनी हात पुढे केला, पण हौसाबाईंनी आपणच पाइप इवलासा ढकलला आणि कोर परत मध्ये आणली. कोणी शिकवलं नव्हतं.

"काय दिसस?" काकांनी विचारलं.

"पाऊस होऊन गेल्यावर वावरातून ढोरं जात्यात ना, चिखलात खूर उमटत्यात. तसं. आन् कडेला ऊन पडलंय."

काकांनी शब्द न् शब्द लिहिला.

उन्हाळ्यात काका-काकू कायमचे गावाला गेले. पाइप नेला नाही. म्हणाले, "गावाला आभाळच आहे. इथं दिवे लय, पाइप इथं पाहिजे." तो त्यांनी हौसाबाईंपाशी ठेवला, खोक्यासकट, वहीसकट. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात रात्री ठेवायची सोय झाली.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते जायच्या आदल्या संकष्टीला. मी ऑफिसातून उशिरा पोचलो. चंद्र वर आला होता. पाइपापाशी हौसाबाई उभ्या, आणि त्यांच्या पोत्यावर मांडी घालून निकमकाका. अंधारात मेथी विकत होते. एका बाईंनी एक जुडी मागितली तर त्यांनी तीन दिल्या. ती बाई पळत सुटली. काका चपट्या अंगठ्याने जुडीची सुतळी चाचपत होते, अगदी लक्ष लावून, जणू तीही कधीतरी आरसा होणार आहे. मला पाहून त्यांनी नुसता हात वर केला आणि दुर्बिणीकडे बोट दाखवलं. जा, बघ.

रांगेत कोणी नव्हतं. हौसाबाई कोणाला तरी सुटे पैसे द्यायला क्षणभर पोत्याकडे वळल्या होत्या. मला वाटलं, आज काही चांगलं बोलावं. त्यांचं कौतुक होईल असं. मी डोळा लावला.

"काय दिसस?" मागून हौसाबाईंचा आवाज आला. अगदी काकांच्याच सुरात.

"वा!" मी म्हणालो. "काय लख्ख लावलाय हौसाबाई! खूर न् खूर दिसतोय!"

पोत्यावरून काकांचं खोकल्यासारखं हसू ऐकू आलं. हौसाबाई जवळ आल्या, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर असलेलं चकलीच्या डब्याचं झाकण त्यांनी पाइपावरून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"झाकण होतं वर," त्या म्हणाल्या. "पण तुला काय त्याचं? तुला बघायच्या आधीच दिसतं."